बांगडीचा हात

ऑक्टोबर लागला की इथे, सातासमुद्रापार डार्विन शहरात, माणसं थोडी बिघडतात. हे माझं म्हणणं नाही, इथलीच माणसं म्हणतात, आणि त्याला त्यांनी नावसुद्धा ठेवलंय, मँगो मॅडनेस. आंबे पिकायला लागतात, हवा घट्ट होते, दुपारी आभाळ काळंनिळं होऊन पार छपरांपर्यंत उतरतं, हार्बरच्या पलीकडे विजा चमकतात, आणि पाऊस मात्र पडत नाही. पावसाचा काही नेम नाही. रोज सगळी तयारी, रोज वाजंत्री, आणि नवरदेवाचा पत्ता नाही. समोर एवढा निळा समुद्र, पण त्यात मगरी आणि जेलीफिश, त्यामुळे पाय बुडवायचीही सोय नाही. मग माणसं सिग्नलला हॉर्न मारतात, बॉसला उलटं बोलतात, एकमेकांपासून वेगळी होतात. मी एका वर्षी बंदूक विकत घेतली.

आज सकाळी उठले तर पुन्हा तीच हवा. कोकीळ उजाडल्यापासून ओरडत होती. इथली कोकीळ आपल्याकडच्यासारखीच, फक्त हिला धीर कमी. सूर वर वर चढवत नेते आणि मध्येच सोडून देते. या दिवसांत लोखंडाला जपावं लागतं. म्हणून चहा झाल्यावर मी कोठीच्या खोलीतली तिजोरी उघडली, रायफल बाहेर काढली, रिकामी आहे ना ते सवयीने बघितलं आणि तेलाचं फडकं फिरवत बसले. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, काळसर निळी नळी, आणि खाली लोंबणारी लोखंडी कडी. ती कडी पुढे ढकलून मागे ओढली की नवं काडतूस आपोआप वर येतं. हीच तिची लिव्हर. त्या कडीच्या वर, पोलादावर, टिकलीएवढा तांबूस डाग आहे. बंदुकीतलं कळणारा माणूस तो डाग बघून हळहळतो. मी तेवढ्या जागेवरून फडकं जरा हळू नेते.

पावसाआधीच्या या लांबलचक उकाड्याला इथे बिल्ड-अप म्हणतात. त्या वर्षीचा बिल्ड-अप मला दिवसांनी आठवत नाही, वासांनी आठवतो. झाडाखाली कुजणाऱ्या आंब्यांचा आंबूस वास, बंदुकीच्या तेलाचा वास, आईच्या केसातल्या खोबरेल तेलाचा वास. तिन्ही एकमेकांत मिसळून गेलेत. एक आला की बाकीचे दोन मागोमाग येतात.

मी इथे सरकारी खात्यात नद्यांचं पाणी मोजते. शेजारच्या टेबलावर रॉझ बसते. पन्नाशी ओलांडलेली, उन्हाने तांबूस झालेली, बोलायला फटकळ आणि मनाने मऊ बाई. तिची हम्प्टी डूला आंब्याची बाग आहे. हम्प्टी डू हे गावाचं नाव. आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिला वाटलं मी तिची चेष्टा करतेय. तर रॉझच्या बागेत रानडुकरं येत. पडलेले आंबे खात, इथपर्यंत ठीक होतं, पण कोवळ्या झाडांची मुळं उकरत, पाण्याचे पाइप फोडत. रॉझ संध्याकाळी रायफल घेऊन बागेच्या कडेला बसायची. एकदा मी नुसती सोबत म्हणून गेले. बाकी काही घडलं नाही, डुक्करही आलं नाही. पण त्या तासाभरात मला कुणी काही विचारलं नाही. रेवाचा शाळेचा डबा, समीरची शिफ्ट, ऑफिसचा रिपोर्ट, काही नाही. फक्त अंधारत जाणारी झाडं आणि आपला श्वास. परत येताना मी रॉझला म्हटलं, मलाही शिकायचंय. ती म्हणाली, "नो वरीज, मेट. बागेत शिकारीला यायची परवानगी लिहून देते, लायसन्सला लागते."

समीर माझा नवरा. गॅसच्या कंपनीत इंजिनियर आहे. त्याला सांगितलं तेव्हा तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. तसंही आमच्या घरात झुरळ मीच मारते. त्याने फक्त एवढंच विचारलं, "आईंना कोण सांगणार?"

माझी आई त्या वर्षी कराडहून आमच्याकडे काही महिने राहायला आली होती. बाबा विमानाला घाबरतात, ते भावाकडे राहिले. आईने सोबत काय काय आणलं होतं म्हणून सांगू, मेतकूट, भाजणी, तुळशीच्या मंजिऱ्या (त्या विमानतळावर काढून घेतल्या, त्याचं दुःख तिला जाताना देखील होतं), आणि रेवासाठी घेतलेल्या मोज्यात गुंडाळलेली हिरव्या काचेची एक छोटी बांगडी. पोचल्यावर सगळ्यात आधी तिने मोजा सोडून बांगडी फुटली नाही ना ते बघितलं. मी ती बांगडी बघितली आणि माझं उजवं मनगट नकळत चोळलं.

सांगते. मी जन्माने डावरी. हे मला आठवत नाही, मी ऐकलेलं आहे. आठवते ती बांगडी. आई म्हणायची, हा बांगडीचा हात. जेवायचं बांगडीच्या हाताने, लिहायचं बांगडीच्या हाताने, प्रसाद घ्यायचा बांगडीच्या हाताने. मारलं नाही, रागावलीही नाही. नुसतं हळूच पेन्सिल इकडून काढून तिकडे द्यायची आणि गालावरून हात फिरवायची. मी शिकले. छान अक्षर काढते. पण आजही कुणी पटकन म्हणालं की उजवीकडे वळ, तर मी आधी मनातल्या मनात बांगडी शोधते. ड्रायव्हिंगची परीक्षा त्यापायी मी दोनदा नापास झाले. परीक्षक म्हणाला राइट, मी बांगडी शोधली, तोवर वळण गेलं.

आणि आता रेवा. माझी लेक, तेव्हा सात वर्षांची, आणि अगदी चोख डावरी. इथल्या शाळेत कुणाला त्याचं काही वाटत नाही, डावऱ्या मुलांच्या कात्र्यासुद्धा वेगळ्या असतात. रेवा दिवसभर चित्रं काढायची. मगरी काढायची. मगरींना नऊवारी नेसवायची, नाकात नथ घालायची. आईला त्या मगरी फार आवडल्या, पण हात बघून तिचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. पेन्सिल हळूच इकडून काढून तिकडे. "उजव्या हाताने घे गं बाळा." मग बांगडी निघाली, रेवाच्या उजव्या मनगटात गेली, आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून तेच शब्द पुन्हा ऐकले. हा बांगडीचा हात. सगळं चांगलं या हाताने करायचं.

आईचं प्रेम इतकं मऊ असतं की त्याला अडवायला हात कुठे लावावा तेच कळत नाही. ऑफिसात मी भल्याभल्यांना तोंडावर नाही म्हणते. आईसमोर माझी जीभ टाळूला चिकटते. समीरला म्हटलं, तू बोल. तो म्हणाला, मी जावई, मला समीरराव म्हणतात त्या, मी काय बोलू? त्याचंही खरं होतं.

मग हळूहळू रेवाने चित्रं काढणं बंद केलं. भांडण नाही, रडणं नाही. वही कपाटात गेली. मी एकदा तिला गाडीत विचारलं, का गं, मगरी संपल्या? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "इफ आय ड्रॉ, आजी गेट्स सॅड."

माझ्याकडून कधीच असं वाक्य आलं नाही, कारण मला ते सुचलंच नव्हतं. मी नुसती शिकले होते. आता माझ्या मुलीचा हात माझ्या डोळ्यांदेखत जाणार, आणि मी भाजणीचं थालीपीठ खात बसणार, असं ते चाललं होतं.

याच दिवसांत बंदुकीचं लायसन्स हातात आलं. कोर्स झाला, पोलिसांची चौकशी झाली, भिंतीत बोल्ट मारून तिजोरी बसली, गोळ्यांना वेगळं कुलूप आलं. आईने तिजोरी बघितली आणि विचारलं, सोनं घेतलंस का? मी म्हटलं, नाही, बंदूक. तिने तिजोरीचं दार ढकलून बघितलं. मग म्हणाली, घरात लेकरू आहे. मी किल्ली दाखवली, दुसरी किल्ली दाखवली, तेव्हा कुठे तिने मान हलवली. पण मनातून तिला काही पटलं नव्हतं.

दुकानातला म्हातारा दाढीवाला होता आणि त्याच्याकडे भरपूर वेळ होता. त्याने आधी एक नेहमीची रायफल हातात दिली, काडतूस चढवायला बाजूला खिट्टी असलेली. मी ती उजव्या खांद्याला लावली आणि माझं डोकं आपोआप पार दस्त्याच्या पलीकडे कलंडलं. तो बघत राहिला. मग म्हणाला, दोन्ही हात लांब कर, तळव्यांची छोटी खिडकी कर, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघ, दोन्ही डोळे उघडे ठेव, आणि हात हळूहळू चेहऱ्याजवळ आण. मी आणले. खिडकी माझ्या डाव्या डोळ्यावर येऊन थांबली. पुन्हा करायला लावलं, पुन्हा डाव्यावर. तू लेफ्टी आहेस, तो म्हणाला. मी म्हटलं, छे, मी उजवीच. मी लिहिते उजव्या हाताने. जेवते उजव्या हाताने. तो हो म्हणाला, आणि काही न सांगता त्याने गळ्यातला किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे फेकला. मी झेलला. मग खाली बघितलं. जुडगा डाव्या हातात होता.

मला वाटलं आता रडू येणार. बंदुकीच्या दुकानात! त्याने सभ्यपणे पाठ फिरवली, आत गेला आणि ही रायफल घेऊन आला. म्हणाला, बाकीच्या बहुतेकांची खिट्टी उजव्या बाजूला असते, त्या उजव्या माणसांसाठी बनवलेल्या असतात. हिला बाजूला खिट्टीच नाही. हिची कडी खाली, मधोमध. मग तो जे बोलला ते मला अजून त्याच्या आवाजात ऐकू येतं.

"धिस ओल्ड गर्ल डझन्ट आस्क."

ही विचारत नाही. मी तिथेच तिला घ्यायचं ठरवलं. नवी कोरी होती, तरी तो तिला ओल्ड गर्ल म्हणत होता, कारण तिची घडण जुन्या काळातली. मला हे आवडलं. माझीही घडण जुनीच आहे.

नेमबाजीच्या रेंजवर पहिल्या दिवशी मी तरीही उजव्याच खांद्याला लावली. सवय हो. जित्याची खोड. नळीच्या टोकाला जो लहानसा उंचवटा असतो, ज्याला आपल्याकडे माशी म्हणतात, ती माशी खऱ्या माशीसारखी इकडून तिकडे उडत होती. नेम एकीकडे, गोळी भलतीकडे. कागदावर एकही भोक नाही. मग मी आजूबाजूला बघितलं, चोर बघतो तसं. कराडहून हजारो मैलांवर, कानाला आवाज अडवणारे मफ लावलेल्या अनोळखी पुरुषांच्या रांगेत, मला वाटत होतं की आई आता मागून येईल आणि दस्ता हळूच इकडून काढून तिकडे देईल. कुणी आलं नाही. मी रायफल डाव्या खांद्याला लावली.

पुढचं कसं सांगू? दस्ता खांद्याच्या खळग्यात जाऊन बसला, गाल लाकडावर टेकला, आणि माशी थांबली. सगळंच थांबलं. कानातल्या मफमुळे बाहेरचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे येत होते, त्याच्या आत माझा श्वास, त्याच्याही आत काहीच नाही. लांबवर पांढरा कागद, त्याच्यामागे लाल मातीचा बांध, त्याच्यावर ते काळंनिळं आभाळ. चाप मी ओढला असं म्हणणार नाही. तो ओढला गेला. बार झाला, खांद्याला धक्का बसला, बांधामागच्या झाडावरून पांढऱ्या काकाकुवांचा थवा किंचाळत उडाला. डाव्या हाताने कडी पुढे, कडी मागे, काडतुसाची रिकामी पुंगळी टणकन बाजूला पडली. त्या हाताला हे कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. इतकी वर्षं तो नुसता पदर सावरायला आणि पिशव्या धरायला होता, आणि मुकाट्याने सगळं बघत होता.

नेम हा शब्द मला त्या दिवशी नव्याने भेटला. आईचा नेम म्हणजे रोज अंघोळ झाल्यावर दिव्याची वात आणि तुळशीला पाणी. इथे तुळस नाही म्हणून ती चाफ्याला घालायची. पावसाचा नेम नाही म्हणतो तेव्हा तो शब्द भरवशाचा होतो. आणि इथे, गाल लाकडाला लावून, तो पुन्हा तिसराच. पण मला वाटतं तिन्हीत एकच गोष्ट आहे, मन एका जागी ठेवणं. ते मला इतकी वर्षं जमलं नव्हतं, कारण अर्धं मन कायम बांगडी शोधत असायचं.

मग एका रविवारी आम्ही सगळे रॉझकडे गेलो. आईला लोणच्यासाठी कैऱ्या हव्या होत्या. आई मराठीत बोलायची, रॉझ इंग्लिशमध्ये, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं, निदान दोघींचा तसा समज होता. झाडांवर हिरव्या मुंग्यांची घरटी होती, आईने त्यांना बाजूला हो गं म्हणत फांद्या वाकवल्या. दुपारी रॉझने बागेमागच्या बांधापाशी कागद लावला. आई आणि रेवा लांब व्हरांड्यात बसल्या, दोघींच्या कानांवर मफ. आईच्या अंबाड्यामुळे तिचे मफ तिरके बसले होते. मी कागदासमोर उभी राहिले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आज आई मला बघणार आहे. उजव्या खांद्याला लावावी की काय, असं एक क्षण वाटलं. लावली नाही.

गोळ्या कागदावर लागल्या, चांगल्या लागल्या. रॉझ रेवाला कोंबड्या दाखवायला घेऊन गेली, समीर त्यांच्या मागे गेला. मी रायफल रिकामी करून, केसमध्ये कुलूपबंद करून व्हरांड्यात आले. आई पायरीवर बसून कैऱ्या चिरत होती. मी शेजारी बसले. आभाळ गडगडत होतं, उगीचच.

"डाव्या हाताने कधीपासून?" तिने वर न बघता विचारलं.

"आत्ताच."

"सोपं जातं?"

मला काहीतरी साधं उत्तर द्यायचं होतं. पण तोंडातून खरं तेच आलं. "आई, आयुष्यात पहिल्यांदा मला आधी विचार करावा लागला नाही."

आईने सुरी खाली ठेवली. डावा हात पालथा केला. तिच्या अंगठ्याच्या आणि बोटाच्या मध्ये एक जुना, चकाकणारा वण आहे. तो मला जन्मापासून माहीत आहे. दिवाळीत अनारसे तळताना तेल उडालं, हे मी कित्येकदा ऐकलं होतं.

"हे तेल नव्हतं उडालं," ती म्हणाली. "माहेरी, मी लहान असताना, आत्याने उलथनं तापवून लावलं होतं. मी नैवेद्याचं ताट या हाताने उचललं म्हणून." थोडं थांबून, अगदी सहज म्हणाली, "म्हणून तुझ्या वेळेस मी बांगडी आणली."

ती हे कौतुकाने सांगत होती हो. तिला जमली तेवढी माया तिने केली होती. चटक्याची बांगडी केली होती. मी जिला बेडी समजत होते ती तिच्या लेखी सुटका होती, आणि हे तिने मला चाळीस वर्षांत सांगितलं नव्हतं. मला तिच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटलं. आणि त्याच वेळी हेही कळलं, की आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही.

"आई, रेवाने चित्रं काढणं बंद केलंय."

"का?"

"ती म्हणते, काढलं की आजी उदास होते."

आईने सुरी उचलली आणि ती कैऱ्या चिरत राहिली. फोडी एकसारख्या होत होत्या. कोंबड्यांकडून रेवाच्या हसण्याचा आवाज येत होता.

त्यानंतर ती त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही. बांगडी रेवाच्या उजव्या हातातच राहिली, वही कपाटातच राहिली. पेन्सिल मात्र तिने पुन्हा कधी बदलून दिली नाही. पण बदलून द्यायला पेन्सिल होतीच कुठे? मला वाटलं, मी उगाच तिचं जुनं दुखणं उकरलं आणि हाती काहीच लागलं नाही.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी रॉझबरोबर बागेच्या कडेला बसले होते. उजेड मधासारखा पिवळा झाला होता आणि मग मातकट झाला. पडलेल्या आंब्यांच्या वासाने डोकं जड झालेलं. डुक्कर आलं ते आवाजाने कळलं, चपचप खाण्याच्या. मोठा नर होता, एकटा. मी नेम धरला आणि मला रेवाची आठवण आली नाही, आईची आली नाही, कुठल्या हाताचीही आली नाही. एक बार. तो जागच्या जागी बसल्यासारखा खाली गेला आणि पुन्हा हलला नाही. मी काही शाकाहारी नाही, कराडला आमच्याकडे रविवारी मटण शिजायचंच, तरी ताटातलं मटण वेगळं आणि हे वेगळं. बरं वाटलं असं म्हणणार नाही, आणि वाईट वाटलं असं म्हटलं तर तेही खोटं होईल. एका गोळीत झालं, त्याला तडफडावं लागलं नाही, याचं समाधान होतं. रॉझने थर्मासमधला चहा पुढे केला आणि मी तो दोन्ही हातांनी धरून प्यायले.

मग खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची पूजा करतात. ज्याचं ज्यावर पोट, ते त्याचं हत्यार. आईने सकाळी चौरंग मांडला. समीरचा लॅपटॉप आणि ड्रिल, माझं पाणी मोजायचं यंत्र, स्वयंपाकघरातली मोठी सुरी, कैऱ्यांची. सगळ्यांना झेंडूऐवजी चाफ्याची फुलं. मी समई लावत होते तेवढ्यात ती म्हणाली, "तुझी बंदूक आण."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण तिने चौरंगावर मधोमध जागा ठेवली होती. मी तिजोरी उघडली, रायफल रिकामी आहे ते दोनदा बघितलं, गोळ्या कुलपातच राहिल्या, आणि ती आणून आडवी ठेवली. आईने हळदीकुंकवाची बोटं ओली केली आणि तिच्यावरून नजर फिरवत विचारलं, तुझा हात कुठे लागतो? मी बोट दाखवलं. कडीच्या वर, पोलादावर. तिने तिथे आधी हळद, मग भरभरून कुंकू लावलं.

त्या कुंकवाचं पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. ओलं कुंकू आणि बिल्ड-अपची हवा. मी ते पुसलं नाही, दसरा होईपर्यंत पुसायचं नसतं. दसरा झाल्यावर पुसलं तर खाली गंज धरलेला. रॉझने डोक्याला हात लावला. नव्या रायफलीला असं कुणी करतं का, एक पावडर मिळते, घासून काढून देते म्हणाली. मी म्हटलं, राहू दे. तिला कारण सांगायला गेले तर इंग्लिशमध्ये शब्दच सापडेनात.

तर पूजा. आईने सगळ्या हत्यारांवर अक्षता टाकल्या आणि मागे वळून रेवाला विचारलं, "तुझं हत्यार कुठंय?"

रेवा म्हणाली, "आय डोन्ट हॅव वन, आजी."

"आहे की," आई म्हणाली. उठली, कपाट उघडलं, वही आणि पेन्सिलींचा डबा घेऊन आली आणि रायफलीशेजारी ठेवला. मग रेवाला जवळ घेतलं. तिच्या उजव्या मनगटाला खोबरेल तेल लावलं आणि हिरवी बांगडी हळूहळू, हाड दुखू न देता, काढली. आता ही बांगडी ठेवूनच देणार, असं मला वाटलं. आईने रेवाचा डावा हात हातात घेतला, त्यालाही तेल लावलं, आणि बांगडी त्या हातात चढवली.

"आता हा बांगडीचा हात," ती म्हणाली.

रेवाने माझ्याकडे बघितलं, समीर लॅपटॉपवरची फुलं उगीचच सारखी करत होता. मग रेवाला काय कळायचं ते कळलं. दुपारी पंख्याखाली जमिनीवर पालथी पडून ती मगर काढत होती. मगरीला नऊवारी, नथ, आणि खांद्यावर बंदूक. बाहेर आभाळ पुन्हा भरून आलं होतं आणि कोकीळ वर वर चढत होती. आई शेजारी पाय पसरून बसली होती. रेवाने एक कोरा कागद तिच्याकडे सरकवला. "आजी, यू ट्राय."

आईने पेन्सिल घेतली ती उजव्या हातात. कागदाकडे बघत राहिली. मग तिने इकडे तिकडे बघितलं, अगदी मी रेंजवर बघितलं होतं तसं, आणि पेन्सिल डाव्या हातात घेतली. वणाची कातडी ताणली गेली. तिने सावकाश, पहिलीतल्या मुलीसारखी जीभ दातात धरून, दोन अक्षरं काढली. वाकडी, मोठी, एक ओळीच्या वर, एक खाली.

माझ्या आईचं नाव सुशीला. बँकेत, रेशनकार्डावर, पासपोर्टवर सुशीला. लग्नात आमच्या घराने तांदळात अंगठीने लिहून दिलेलं नाव. त्याआधीचं नाव मी लहानपणी एकदा विचारलं होतं, तर म्हणाली होती, राहू दे, त्या नावाने हाक मारणारं आता कुणी नाही.

रेवाला तेव्हा मराठी जेमतेम वाचता यायचं. तिने अक्षरांवर बोट ठेवलं आणि जोडून जोडून वाचलं. "इं... दू." मग मान वर केली. "आजी, हू इज इंदू?"

आईने पेन्सिल खाली ठेवली नाही.

"होती एक," ती म्हणाली. "डावरी होती."